दर्या, दऱ्या आणि बेस्ट एडिटर

शनिवारची रात्र. बाणेरमधला थ्री-बीएचके. टीपॉयवर बिर्याणीचे रिकामे डबे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि चार लॅपटॉप. आवाज इतका चढलेला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवली. तुम्हाला वाटेल क्रिकेट असणार, किंवा इन्क्रिमेंट. छे! भांडण चाललं होतं ते कोड लिहायला सगळ्यात भारी एडिटर कोणता यावर!

मी मास कॉमवाली. आमच्या धंद्यात एडिटर म्हणजे तुमचे तीन चांगले पॅराग्राफ उडवून वर ‘डेडलाइन कधीची होती?’ विचारणारा माणूस. यांच्या धंद्यात एडिटर म्हणजे ज्यात कोड टाइप करतात तो प्रोग्रॅम. म्हणजे आपलं वर्डच की, पण फॉन्ट-बिंट, ठळक-तिरपं असलं काही नसलेलं. नुसती अक्षरं. आता नुसत्या अक्षरांसाठी कोणी एवढं भांडतं का?

भांडतं, बॉस. आणि जवळपास पन्नास वर्षं भांडतंय.

तीन कॅम्प, एक बिर्याणी

पहिला आमचा वीमवाला. काळी स्क्रीन, माऊसला हात लावायचा नाही. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘व्हीआय’. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकत असलेल्या बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास तो लिहिला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही बटणं का? कारण जॉय ज्या टर्मिनलवर काम करायचा, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. ते टर्मिनल भंगारात गेलं, पण सवय राहिली! पुढे ब्राम मूलेनार या डच माणसानं १९९१ मध्ये वीम आणला. फुकट. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी काही द्या, एवढीच विनंती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मूलेनार गेला तेव्हा आमच्या वीमवाल्यानं दिवसभर स्टेटसला काळी स्क्रीन ठेवली होती. (तशी ती रोजच असते म्हणा!)

दुसरा ईमॅक्सवाला. याचं दैवत रिचर्ड स्टॉलमन. ईमॅक्सची सुरुवातही १९७६ चीच, एमआयटीमधली, आणि आजचा ग्नू ईमॅक्स १९८५ चा. यात म्हणे मेल वाचता येतं, कॅलेंडर ठेवता येतं, टेट्रिस खेळता येतं. वीमवाल्यांचा जुना टोमणा असा की ईमॅक्स ही झकास ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फक्त तिला एक बरा एडिटर हवा. त्यावर ईमॅक्सवाले विचारतात, ‘तुमच्यातून बाहेर कसं पडायचं ते सापडलं का?’ हा टोमणा खरोखर झोंबतो. वीममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला, असं त्या साइटनंच २०१७ मध्ये जाहीर केलं होतं.

तिसरी व्हीएसवाली. ‘अरे, कुठल्या काळात राहता तुम्ही?’ म्हणणारी. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये व्हीएस कोड आणला आणि बघता बघता मैदान मारलं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक तो वापरत होते. निवडणूक असती तर दोघांचं डिपॉझिट जप्त!

चौथा मित्र सोफ्यावरून म्हणाला, ‘आता सगळं एआय लिहितं, तुम्ही बसा भांडत.’ त्याला तिघांनी मिळून गप्प केलं. तेवढ्यापुरती एकी झाली.

मला गंमत वाटत होती. पण डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी चाललं होतं. मला नंदुरबारचा माझा मामेभाऊ आठवत होता.

‘टर्बो सी’ म्हणाला आणि...

काही वर्षांपूर्वी तो पुण्यात इंटरव्ह्यूला आला होता. माझ्याच रूमवर उतरला. शर्टाला दोनदा इस्त्री केली, शूज माझ्या फ्लॅटमेटकडून उसने घेतले. संध्याकाळी परत आला तो गप्पच. खूप खोदून विचारल्यावर म्हणाला, ‘ताई, त्यांनी विचारलं, कोणता एडिटर वापरतोस. मी म्हटलं, टर्बो सी. ते दोघं एकमेकांकडं बघून हसले. मग पुढचं मला काही आठवेचना.’

टर्बो सी! निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, एफ-टू दाबून सेव्ह, कंट्रोल-एफ-नाइन दाबून रन. तुमच्यातल्या कित्येकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये हे केलं असेल. वरती कोनिओ डॉट एच, खाली गेट-सीएच, आणि प्रॅक्टिकलच्या बाईंची सही. डॉसच्या जमान्यातला हा सॉफ्टवेअर. सी-प्लस-प्लस भाषेचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड १९९८ मध्ये आलं, त्याच्याही आधीचा. नव्या विंडोजवर तो सरळ चालतही नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये जुनं डॉस उभं करून त्यात चालवावा लागतो. पण लॅबमध्ये जे आहे त्यावर शिकायचं, हा नियम. निवडायला काही असेल तर माणूस ‘बेस्ट’ वगैरे ठरवणार ना? पोराच्या हातात जे दिलं, त्यावर तो शिकला, आणि त्याच कारणानं हसं झालं.

पुढे त्यानं स्वतःच स्वतःला शिकवलं. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे छोटे छोटे धडे आहेत, त्यातले बरेच मराठी आवाजातही आहेत. सी आणि सी-प्लस-प्लसच्या धड्यांत ते लोक जीएडिट नावाचा साधासुधा एडिटर वापरतात. ‘ते कुठंच म्हणत नाहीत की हाच वापरा. तुमच्याकडचा कोणताही चालेल म्हणतात,’ हे मामेभाऊ मला इतक्या कौतुकानं सांगत होता की कोणीतरी त्याची बाजू घेतली होती असं वाटावं. मग पायथन शिकला. नोटपॅड प्लस प्लसवर. जुन्या मशिनवर तोच पळतो, हे कारण.

मिरचीचा हप्ता

त्या शनिवारनंतर आठच दिवसांनी मी नंदुरबारला गेले. थंडीचे दिवस. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी गावाबाहेर लालभडक पथाऱ्या दिसतात. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. एकरच्या एकर लाल गालिचा, आणि हवेत असा ठसका की खिडकी उघडताच सगळी बस शिंकायला लागते. नंदुरबारची मिरची आणि तिचा बाजार फेमस आहे, हे खवय्यांना सांगायला नको.

मामेभाऊ आता शेतकऱ्यांच्या एका गटाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. गटातल्या सभासदांना मिरचीच्या भावातल्या फरकाचा हप्ता द्यायचा होता. एक यादी सभासदांची, दुसरी मिरची घातल्याच्या नोंदींची. दोन्हीत जो आहे, त्याला पैसे. भावानं पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता, नावं जुळवायला.

मी विचारलं, ‘नावं कशाला जुळवतोस? आधार नंबर घे की!’ शेवटी देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात दिलं गेलं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते.

तो म्हणाला, ‘ताई, मिरचीच्या वजनकाट्यावर कोणी आधार घेऊन येतं का? आणि लोकांचे नंबर असे वह्यांमधून फिरवायचे नसतात. काट्यावर नावच सांगतात.’

बरोबर होतं त्याचं. तर प्रोग्रॅम चालवला. वळवी जुळले, पाडवी जुळले, गावित, पाटील, पावरा सगळे जुळले. पण काही जण राहिले. त्यांच्यापुढे एकच शेरा : ‘सभासद नाही.’ त्यात ‘बऱ्हाटे’ आडनावाची तीन घरं. दोन्ही याद्या समोर ठेवून बघितल्या. इकडे बऱ्हाटे, तिकडे बर्‍हाटे. काना, मात्रा, वेलांटी, सगळं सेम टु सेम. तरी कॉम्प्युटर म्हणतो, ही दोन वेगळी माणसं!

‘याआधी मथळ्यालाच अडलं होतं,’ मामेभाऊ म्हणाला. ‘‘शेतकऱ्याचे नाव’ हा कॉलमच सापडत नाही म्हणे. मी मथळा बदलून नुसतं ‘नाव’ केलं, तर चाललं. का ते कळलं नाही.’

सोमवारी पैसे जायचे होते. ज्यांचं नाव जुळणार नाही त्यांचा हप्ता थांबणार, मग अर्ज, मग चकरा. आणि मामेभावाच्या चेहऱ्यावर तोच इंटरव्ह्यूच्या दिवसाचा भाव. ‘माझंच काहीतरी चुकत असणार, ताई. मला नीट शिकायलाच मिळालं नाही.’

मी काय करणार? मी बाणेरला फोन लावला.

न दिसणारा पाहुणा

रविवारची सकाळ. तिघंही झोपेतून उठून व्हिडिओ कॉलवर. दोन नावांची छोटीशी फाइल त्यांना पाठवली. वीमवाल्यानं ती आपल्या काळ्या स्क्रीनवर उघडली आणि म्हणाला, ‘हे बघ!’

आता वीम टर्मिनलमध्ये मराठी इतकं वाईट दाखवतो की बघवत नाही. टर्मिनलला प्रत्येक अक्षर सारख्या मापाच्या चौकटीत बसवायची सवय. आपली जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा त्यात कुठून बसणार? सगळं तुटलेलं, सांडलेलं. पण त्या सांडलेल्यात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. एका ‘बऱ्हाटे’च्या मधोमध, कोनी कंसात, ‘२००डी’ असा आकडा उभा होता. दुसऱ्यात तो नव्हता.

ईमॅक्सवाल्यानं लगेच आपल्याकडे कर्सर त्या अक्षरावर नेला. कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. ईमॅक्सनं अक्षराची अख्खी कुंडलीच मांडली. आणि मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मी वही काढली.

फंडा असा आहे. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, त्याचा नंबर साठवतो. आपला हा ‘बऱ्हाटे’मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत : खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’. दुसरी रीत : साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, आणि मग ‘ह’. त्या जोडकाचा नंबर म्हणजेच २००डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. दोन रीती कशाला? तर युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून दुसरी रीतही चालू ठेवली. कोणता कीबोर्ड यातली एक रीत वापरतो, कोणता दुसरी. सभासदांची यादी एकानं एका कीबोर्डवर भरली, मिरचीच्या नोंदी दुसऱ्यानं दुसऱ्यावर. दोघांचंही शुद्धलेखन पैकीच्या पैकी. पैसे मात्र अडकले!

‘म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर होता?’ मामेभावानं विचारलं.

‘शंभर टक्के,’ वीमवाला म्हणाला. ‘तुझ्या एडिटरनं तुला दाखवलं नाही एवढंच.’

व्हीएसवाली मागं राहणाऱ्यातली नाही. ती म्हणाली की अशा लपलेल्या अक्षरांना व्हीएस कोडही २०२१ पासून चौकट घालतो. त्याच वर्षी केंब्रिजच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की न दिसणारी काही चिन्हं कोडमध्ये पेरली, तर वाचणाऱ्याला एक दिसतं आणि मशीन दुसरंच चालवतं. ‘ट्रोजन सोर्स’ असं त्याचं नाव. त्यानंतर सगळेच जागे झाले. ‘आणि उपाय सोपाय,’ ती पुढे म्हणाली. ‘तो २००डी नकोसाच आहे ना? मग सगळीकडून उडवून टाक. फाइंड, रिप्लेस, डन!’

भावानं उडवला. डन! आम्ही टाळ्या पिटल्या.

मामांचा लाल पेन

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. मामा म्हणजे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. स्क्रीनकडे बघितलं आणि कप हातातच राहिला.

‘हे काय लिहिलंय? बर्हाटे? शेतकर्याचे नाव?’

बघते तर खरंच! जोडक उडवल्याबरोबर अर्ध्या र चा रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला होता. ‘बऱ्हाटे’चा झाला ‘बर्हाटे’. आणि नावं अजूनही जुळत नव्हती ती नव्हतीच.

‘अरे, दर्या आणि दऱ्या यात काही फरक आहे की नाही?’ मामांचा वर्ग सुरू झाला. ‘दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे या आपल्या सातपुड्यातल्या. आचार्यांना जेवायला बोलवायचं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला. उलटं केलंत तर दोघंही उपाशी!’

कॉलवर तीन इंजिनियर गप्प. पगार सांगितला तर तुम्हाला ठसका लागेल असे तीन इंजिनियर! मग ईमॅक्सवाला हळूच म्हणाला, ‘काका बरोबर आहेत. उडवायचं नाही, बदलायचं. जिथं साधा र, हलन्त आणि जोडक असे तीन एकापाठोपाठ येतील, तिथं टिंबाचा ऱ आणि हलन्त ठेवायचा. दोन्ही याद्यांना आधी हेच करायचं, मगच जुळवायचं.’

मामेभावानं जुनी फाइल परत घेतली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. नोटपॅड प्लस प्लसवरच. एंटर. तिन्ही बऱ्हाटे जुळले. बाकीचे राहिलेलेही एकेक करून आले. ‘सभासद नाही’खाली आता खरोखरच सभासद नसलेले दोघंच उरले.

मामांनी एकदा डोळे बारीक करून यादी वाचली आणि म्हणाले, ‘आता कसं!’ आमच्याकडं ही डिस्टिंक्शन समजतात.

तर मग बेस्ट कोणता?

आता तुम्ही म्हणाल, मग जिंकलं कोण? खरं सांगू? बाणेरमध्ये ज्या मुद्द्यांवर बिर्याणी थंड झाली, ते सगळे स्पीडचे होते. कोणाची बोटं किती कमी हलतात, कोणाचा एडिटर किती लवकर उघडतो, कोणाची थीम किती कूल. तिघांनीही त्यात आयुष्यात एकदाही मराठी ओळ लिहिली नव्हती. इंग्रजीत अक्षर आणि नंबर यांची जोडी बहुतेक वेळा सरळ लागते, त्यामुळे समोर दिसतं तेच आत असतं, असं आपण धरून चालतो. आपली भाषा टाकली की हा भरवसा सुटतो. मग जो एडिटर सगळ्यात ओबडधोबड दाखवत होता, त्यानंच खरं काय ते सांगितलं. आणि जिथं सगळं छान दिसत होतं, तिथं तीन घरांचे पैसे अडकले होते.

पण म्हणून भांडण फुकटचं होतं असंही मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं एकाच हत्याराशी झटल्यामुळेच त्या दोघांना दोन मिनिटांत नस सापडली. आपल्या एडिटरवर जीव टाकणाऱ्याला त्याचे कानेकोपरे माहीत असतात. फक्त त्या प्रेमाचा वापर दुसऱ्याला हसण्यासाठी करू नये, एवढंच. एखाद्यानं ‘टर्बो सी’ म्हटलं, तर त्याच्या लॅबमध्ये काय होतं ते कळतं. त्याला काय येतं ते कळायला पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

मामेभावाचा पुन्हा एक इंटरव्ह्यू ठरलाय. नंदुरबार स्टेशनवर मला सोडायला आला तेव्हा मी विचारलं, ‘आणि एडिटरचं विचारलं तर?’

‘सांगेन, कोणताही चालेल. पण आत काय आहे ते दाखवणारा पाहिजे,’ तो म्हणाला. मग हसला. ‘आणि मग मीच त्यांना विचारेन, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शेतकऱ्याचे नाव’ नीट शोधता येतं का?’

परवाच्या शनिवारी बाणेरला पुन्हा तेच. बिर्याणी, लॅपटॉप, आवाज, खालच्या काकू. वीमवाला एका नव्या एडिटरबद्दल काहीतरी बोलायला लागला, तर व्हीएसवालीनं त्याला हातानं थांबवलं.

‘ते राहू दे. आधी त्यात ‘शेतकऱ्यांच्या पथाऱ्या’ लिहून दाखव!’